कॅथरिन बूथ : व्यासपीठावरचा हक्क

नगरच्या माणसाला 'बूथ हॉस्पिटल' म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण रुग्णालयाचं नाव लोकांच्या तोंडी तेच आहे. २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा याच रुग्णालयाने शहरातले आणि जिल्ह्यातले कितीतरी रुग्ण सांभाळले. त्याचं पूर्ण नाव इव्हॅन्जेलिन बूथ हॉस्पिटल. ते चालवते मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी. ही इव्हॅन्जेलिनबाई १९३४ मध्ये साऱ्या जगातल्या मुक्तिफौजेची प्रमुख झाली. तिच्या हुद्द्याचं नाव होतं 'जनरल', आणि त्या पदावर बसलेली ती पहिली स्त्री.

एका ख्रिस्ती धर्मसंस्थेची सूत्रं १९३४ साली एका बाईच्या हाती गेली. त्या वेळी इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये स्त्रीला साधी धर्मगुरूची दीक्षाही मिळत नव्हती. मग हे घडलं कसं? त्याचं उत्तर शोधायचं, तर इव्हॅन्जेलिनच्या आईकडे जावं लागतं. तिचं नाव कॅथरिन बूथ. आज तिच्याबद्दल बोलायचं आहे.

कॅथरिनचा जन्म १७ जानेवारी १८२९ चा, डर्बीशर परगण्यातल्या ॲशबर्न गावचा. वडील जॉन मम्फर्ड घोडागाड्या बांधण्याचा धंदा करत. आई मेथॉडिस्ट पंथाची, अतिशय धार्मिक आणि तितकीच कडक. मुलगी वाईट संगतीला लागेल या धास्तीने तिने कॅथरिनला बहुतेक घरीच शिकवलं. शाळेचं तोंड तिने जेमतेम दोन वर्षं पाहिलं. पुढे पाठीच्या कण्याचं दुखणं जडलं आणि महिनेच्या महिने अंथरुणात गेले. त्या काळात तिने वाचलं ते मात्र मोठ्या माणसांनीही सहसा हाती घेतलं नसतं, असं : चर्चचा इतिहास, धर्मशास्त्रावरचे ग्रंथ आणि बायबल, पुन्हा पुन्हा. वडील एके काळी दारूबंदीचा प्रचार करणारे, पण पुढे तेच दारूच्या आहारी गेले. मुलीने मात्र ती चळवळ सोडली नाही. बारा वर्षांची असतानाच ती मुलांच्या दारूबंदी मंडळाची चिटणीस होती आणि टोपणनावाने मासिकांना लेख पाठवत होती. तिच्या लेखणीची सुरुवात ही अशी झाली.

पुढे हे कुटुंब लंडनमध्ये ब्रिक्स्टनला राहायला आलं. त्या सुमारास मेथॉडिस्टांच्या सर्वांत मोठ्या, वेस्लियन शाखेत मोठी भांडणं पेटली होती. सगळा कारभार मूठभर धर्मगुरूंच्या हाती आहे, सामान्य सभासदाला त्यात काही आवाज नाही, अशी तक्रार होती. १८४९ मध्ये सुधारणेची मागणी करणाऱ्या काही धर्मगुरूंना पंथातून काढून टाकण्यात आलं. कॅथरिनची सहानुभूती उघडपणे सुधारकांच्या बाजूला होती. त्याची शिक्षा म्हणून तिलाही सभासदत्वाचं तिकीट नाकारलं गेलं. वय वीस-एकवीस, तब्येत नाजूक, घरची परिस्थिती बेताची, आणि चर्चने दार लावून घेतलेलं. पण एखादी गोष्ट चर्चमधल्या वरिष्ठांनी सांगितली म्हणून ती देवाने सांगितली असं होत नाही, हा धडा तिने तिथे घेतला असावा, असं मला वाटतं. पुढचं सारं आयुष्य ती त्याच समजुतीने वागली.

याच सुधारकांच्या गोटात १८५२ मध्ये तिची विल्यम बूथशी ओळख झाली. विल्यम नॉटिंगहॅमचा, गहाणवटीच्या दुकानात उमेदवारी केलेला, घरचा गरीब आणि उपदेशाच्या वेडाने झपाटलेला. तीन वर्षांनी, जून १८५५ मध्ये दोघांचं लग्न झालं. लग्नाआधीच्या त्या तीन वर्षांतला पत्रव्यवहार मोठा वाचनीय आहे, कारण त्यात प्रेमाच्या जोडीने वादही आहेत. स्त्रियांच्या बाबतीत विल्यमचं धोरण सावध होतं. एखादी स्त्री उपदेश करत असेल तर तो तिला अडवणार नव्हता, पण नव्याने कुणाला सुरुवात करायला उत्तेजनही देणार नव्हता. कॅथरिनने त्याला लांबलचक पत्र लिहून आपली बाजू मांडली. त्याआधी तिच्या चर्चचे धर्मगुरू डेव्हिड थॉमस यांनी प्रवचनात स्त्री ही पुरुषाहून कमी दर्जाची असल्याचं सुचवलं, तेव्हाही तिने त्यांना पत्र धाडलं होतं. तिचं म्हणणं असं, की स्त्री मागे दिसते ती शिक्षणाच्या आणि वळणाच्या अभावामुळे, तिच्या घडणीतल्या उणिवेमुळे नव्हे. गंमत म्हणजे पुढे तिचं लग्न याच थॉमस यांनी लावलं.

आता त्या काळी नेमकी अडचण काय होती, ते पाहू. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी काही स्त्रियांना उपदेश करू दिला होता. पण त्यांच्या मागे १८०३ मध्ये वेस्लियन परिषदेने स्त्रियांवर बंधनं घातली. बाईने बोलायचंच तर बायकांपुढे बोलावं, तेही परवानगी काढून. क्वेकर पंथात स्त्रिया बोलत, पण तो पंथ लहान. इतरत्र स्त्रीने चर्चमध्ये झाडलोट करावी, मुलांना रविवारच्या शाळेत शिकवावं, आजाऱ्यांची विचारपूस करावी. व्यासपीठावर मात्र तिला सहसा जागा नव्हती. त्यासाठी आधार दिला जाई तो संत पौलाने करिंथ इथल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा. स्त्रियांनी सभेत गप्प राहावं, अशा अर्थाचा मजकूर त्याच्या चौदाव्या अध्यायात आहे. एकदा हा अध्याय पुढे केला की वाद संपला, असं मानलं जाई.

१८५९ मध्ये फीबी पामर नावाची अमेरिकन बाई न्यूकॅसल भागात उपदेश करत फिरत होती. तिच्या सभांना गर्दी लोटे. संडरलंडचे एक धर्मगुरू, आर्थर ऑगस्टस रीस, यांना हे सहन झालं नाही. त्यांनी व्याख्यान देऊन आणि ते छापून बायकांच्या उपदेशावर हल्ला चढवला. कॅथरिन त्या वेळी जवळच गेट्सहेडला राहत होती. विल्यम तिथल्या बेथेस्डा चर्चचा धर्मगुरू होता. घरात तीन मुलं, थोरला ब्रॅमवेल पुरते चार वर्षांचाही नव्हता, आणि चौथ्या बाळंतपणाचे दिवस जवळ आलेले. अशा स्थितीत तिने रीस यांना उत्तर लिहायला घेतलं. डिसेंबर १८५९ मध्ये ती पुस्तिका छापून झाली आणि ८ जानेवारी १८६० ला मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं एमा. हे नाव लक्षात असू द्या, ते पुढे येणार आहे.

या पुस्तिकेची नंतर सुधारलेली आवृत्ती निघाली आणि तिच्या नावातच स्त्रीचा उपदेश करण्याचा 'हक्क' आला. आजही ती वाचताना कॅथरिनच्या युक्तिवादातला नेमकेपणा जाणवतो. त्या काळात बायबलच बाजूला सारून बोलणारे विचारवंत होते. कॅथरिनने तसं केलं नाही. ज्या ग्रंथाचा दाखला देऊन बाईला गप्प केलं जातं, तोच ग्रंथ तिने उघडला आणि पूर्ण वाचून दाखवला.

ती म्हणते, चौदाव्या अध्यायाकडे जाण्याआधी त्याच पत्राचा अकरावा अध्याय पाहा. तिथे पौल सांगतो, की प्रार्थना करताना किंवा देवाचा संदेश सांगताना स्त्रीने डोकं झाकावं. म्हणजे स्त्रिया सभेत प्रार्थना करत होत्या, संदेशही सांगत होत्या. पौलाला ते ठाऊक होतं, आणि त्याने फक्त डोक्यावरच्या पदराचा नियम सांगितला. मग तोच माणूस तीन अध्यायांनंतर सरसकट बंदी कशी घालेल? तेव्हा चौदाव्या अध्यायातला मजकूर सभेत गडबड करणाऱ्या, मध्येच प्रश्न विचारणाऱ्या बायकांपुरता असला पाहिजे. त्यासाठी तिने नावाजलेल्या भाष्यकारांचे दाखलेही दिले. पुढे ती भाषांतराकडे वळते. पौलाने फीबी नावाच्या स्त्रीचा उल्लेख करताना जो ग्रीक शब्द वापरला, तोच पुरुषांसाठीही वापरला आहे. मग पुरुष असेल तिथे त्याचं भाषांतर 'धर्मसेवक' अशा मानाच्या अर्थाने आणि स्त्री असेल तिथे 'सेविका', असं का? शिवाय योएल संदेष्ट्याच्या भाकितात मुलग्यांबरोबर मुलींचाही उल्लेख आहे, आणि येशू पुन्हा उठल्याची पहिली बातमी शिष्यांना सांगितली ती मरीया मग्दालियाने. तो निरोप बाईने सांगितलेला चालला, तर प्रवचन का चालू नये, असा तिचा सवाल.

उपदेश करणं बाईला शोभत नाही, या आक्षेपालाही तिने सरळ हात घातला. निसर्ग आणि रूढी यांत तुम्ही गल्लत करता, असं तिचं म्हणणं. एखादी गोष्ट पाहायची डोळ्यांना सवय नाही म्हणून ती निसर्गाविरुद्ध ठरत नाही.

हे सगळं छापून झालं. पण एक गोष्ट राहिली होती. इतका ठाम हक्क सांगणाऱ्या कॅथरिनने स्वतः अजून एकदाही चर्चमध्ये उपदेश केला नव्हता! ती बुजरी होती. घरोघर जाऊन बायकांशी बोलायची, दारुड्यांच्या बिऱ्हाडी जायची, पण सभेपुढे उभं राहायचं म्हटलं की तिचा धीर सुटे. मला तिच्या चरित्रातला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. हक्क कागदावर मांडणं आणि तो बजावायला उभं राहणं, यांतलं अंतर तिलाही चालून जावं लागलं.

ते अंतर तिने १८६० च्या पेन्टेकॉस्टच्या रविवारी कापलं. बेथेस्डा चर्च माणसांनी भरलेलं होतं. विल्यमचं प्रवचन संपत आलं होतं. कॅथरिन आपल्या बाकावरून उठली आणि व्यासपीठाकडे चालू लागली. तिला बरं वाटत नाही की काय, असं वाटून विल्यम खाली उतरला. आपल्याला दोन शब्द बोलायचे आहेत, असं तिने त्याला सांगितलं. तो थक्क झाला. लोकांना तेवढं सांगून तो बाजूला झाला. हाक ऐकू येऊनही आपण आजवर भीतीपोटी ती टाळत आलो, असं कॅथरिनने त्या दिवशी सगळ्यांसमोर कबूल केलं. लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं. संध्याकाळचं प्रवचनही तीच करेल, असं विल्यमने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. थोड्याच महिन्यांत तो आजारी पडला, तेव्हा त्याच्या ठरलेल्या सभा कित्येक आठवडे तिने चालवल्या, चार लहान मुलं सांभाळून.

१८६१ मध्ये दोघांनी आपला पंथ सोडला. विल्यमला गावोगाव फिरून उपदेश करायचा होता आणि परिषद त्याला एका जागी बांधून ठेवू पाहत होती. पगार गेला, राहतं घर गेलं. पुढची काही वर्षं दोघं कॉर्नवॉल, वेल्स, मिडलंड्स असे भटकत राहिले. मग १८६५ मध्ये लंडनमधल्या रॉदरहाइथ भागातून सभांचं आमंत्रण आलं, ते विल्यमला नव्हे, कॅथरिनला. त्यामुळे कुटुंब लंडनला आलं, आणि त्याच उन्हाळ्यात विल्यमने पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल वस्तीत तंबू ठोकून काम सुरू केलं. मुक्तिफौजेचा उगम म्हणून जी घटना सांगितली जाते, ती हीच. विल्यम पूर्व लंडनच्या गरिबांत वावरत असताना कॅथरिन पश्चिम लंडनच्या सुखवस्तू वस्तीत भाषणं करत असे, आणि बरेच दिवस घर त्या भाषणांवर आणि तिच्या पुस्तिकांच्या विक्रीवर चाललं.

या कामाचं नाव आधी 'ख्रिश्चन मिशन' होतं, १८७८ मध्ये ते 'साल्व्हेशन आर्मी' झालं. नावाबरोबर गणवेश, बँड, झेंडे, कॅप्टन-मेजर असे हुद्देही आले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की स्त्रीला पुरुषाइतकाच अधिकार, हे तत्त्व या संस्थेच्या नियमांतच लिहिलं गेलं. कुणा एका धर्मगुरूच्या मर्जीवर ते राहिलं नाही. गिरण्यांत काम करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या विशीतल्या मुली कॅप्टन होऊन नव्या गावात जात, चौकात उभ्या राहून बोलत. लोक त्यांना 'हालेलुया पोरी' म्हणत. काही गावांत त्यांच्यावर अंडी, दगड, चिखल यांचा मारा होई. त्यांना हुसकावण्यासाठी 'स्केलेटन आर्मी' नावाची टोळकीही उभी राहिली. फौजेने ठेवलेल्या नोंदींनुसार १८८२ या एका वर्षात तिच्या ६६९ माणसांवर हल्ले झाले, आणि त्यांत २५१ स्त्रिया होत्या. बोलण्याची किंमत या मुलींनी अशी मोजली.

त्याच १८८२ मध्ये इंग्लंडच्या अधिकृत चर्चने मुक्तिफौजेला आपल्यात सामावून घेता येईल का, याची बोलणी केली. ती फिसकटली. विल्यमची एकहाती सत्ता हे एक कारण होतं, स्त्रियांचं स्थान हे दुसरं. पुढच्या वर्षी फौजेने बाप्तिस्मा, प्रभुभोजन असे संस्कारच बंद केले. त्यामागे कॅथरिनच्या मताचा मोठा वाटा होता. विधी झाला की माणूस सुटला, या समजुतीची तिला चीड होती.

तिची लेखणी शेवटपर्यंत चालू राहिली. व्यवहारातला धर्म, लोकप्रिय ख्रिस्ती धर्मातला पोकळपणा, चर्च आणि राज्यसत्ता अशा विषयांवर तिची व्याख्यानं पुस्तकरूपाने आली. १८८५ मध्ये डब्ल्यू. टी. स्टेड या संपादकाने 'पॉल मॉल गॅझेट'मधून लंडनमधल्या अल्पवयीन मुलींच्या विक्रीचा प्रकार उघडकीला आणला, तेव्हा कॅथरिनने थेट व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिलं, सभा घेतल्या. मुक्तिफौजेने तीन लाख ९३ हजार सह्यांचा अर्ज संसदेत पोचवला. त्याच ऑगस्टमध्ये संमतिवय १३ वरून १६ वर नेणारा कायदा झाला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅथरिनने स्त्रीसाठी व्यासपीठ मागितलं, पण घरात नवऱ्याचं वडीलपण तिने अमान्य केलं नाही. संस्थेत नियम समान होते, तरी स्त्री अधिकाऱ्यांचं मानधन पुरुषांपेक्षा कमी होतं. लग्न झालेल्या स्त्रीचं काम नवऱ्याच्या खात्यात जमा होई. आणि ज्या कॅथरिनला धर्मगुरूंच्या मक्तेदारीविरुद्ध बोलल्याबद्दल चर्चने दूर केलं, तिच्याच नवऱ्याच्या हाती पुढे सगळी सत्ता एकवटली आणि तिने ते मान्य केलं. तिचं मोठेपण सांगताना हे झाकून ठेवण्याचं कारण नाही. एक दार उघडणाऱ्या माणसाला घरातली सगळीच दारं दिसतात, असं नाही.

फेब्रुवारी १८८८ मध्ये तिला स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं. शस्त्रक्रिया तिने नाकारली. जूनमध्ये लंडनच्या सिटी टेंपलमध्ये तिचं शेवटचं जाहीर भाषण झालं, आणि ४ ऑक्टोबर १८९० रोजी क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावी ती गेली. वय ६१. लंडनच्या ऑलिंपिया सभागृहातल्या शोकसभेला तीस हजारांहून जास्त माणसं होती.

आता एमाकडे येऊ. सप्टेंबर १८८२ मध्ये मुक्तिफौजेचे चौघं मुंबईच्या बंदरात उतरले. त्यांचा नेता फ्रेडरिक टकर. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधली नोकरी सोडून तो या कामात आला होता. चौघांत मेरी थॉम्पसन ही एक स्त्री होती. रस्त्यावरून वाजतगाजत मिरवणुका काढल्या म्हणून मुंबईच्या पोलिसांनी त्यांना पकडलं, खटले झाले, टकरला तुरुंगही घडला. पुढे १८८८ मध्ये याच टकरशी एमाचं लग्न झालं. ती भारतात आली, इथला वेश घातला, 'रहिमान' असं इथलं नाव घेतलं आणि नवऱ्याच्या बरोबरीने काम पाहू लागली. ती पोटात असताना तिच्या आईने ज्या हक्कासाठी पुस्तिका लिहिली, तो हक्क एमाला जन्मतःच मिळाला होता. कॅथरिनचं पहिलं मोठं, दोन खंडांतलं चरित्र १८९२ मध्ये लिहिलं, तेही या टकरनेच.

आणि अधिकृत चर्चचं काय झालं? चर्च ऑफ इंग्लंडने स्त्रियांना धर्मगुरूची दीक्षा द्यायला १९९४ साल उजाडलं. पहिली स्त्री बिशप झाली २०१५ मध्ये. कँटरबरीच्या आर्चबिशपपदी, म्हणजे या चर्चच्या सर्वोच्च धर्मपदावर, सारा मुलाली या स्त्रीची निवड जाहीर झाली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. गेट्सहेडची पुस्तिका आणि ही निवड यांत १६६ वर्षांचं अंतर आहे. एवढ्या काळात बायबलचा चौदावा अध्याय बदललेला नाही, अकरावाही नाही. दोन्ही होते तिथेच आहेत. फक्त दुसरा अध्यायही वाचायचा असतो, हे कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं होतं. गेट्सहेडच्या त्या घरात, तीन मुलांच्या गलबल्यात, कॅथरिनने ते सांगितलं होतं.